वही, वाटी आणि दोन तासांनंतरचा आकडा

टाइप टू डायबेटिसचं निदान हातात पडलं की पहिला प्रश्न ठरलेला: आता काय काय बंद? आजच्या पानावर बंदीची यादी नाही. रक्तातल्या साखरेला पदार्थांची नावं कळत नाहीत, ग्रॅम कळतात. म्हणून आज फक्त मापं.

सुरुवात भातापासून. तो वाईट म्हणून नव्हे, मोजायला सोपा म्हणून. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात साधारण 28 ग्रॅम कर्बोदकं असतात. सवयीने वाढलेला भात काट्यावर 250 ग्रॅम सहज भरतो, म्हणजे एका बैठकीत 70 ग्रॅम. काट्यावर रिकामी वाटी ठेवायची, आकडा शून्य करायचा, मग भात घालायचा. घोटाळा होतो तो कच्च्या-शिजलेल्यात. तांदूळ शिजून वजनाला जवळजवळ तिप्पट होतो आणि पाकिटावरचे 78-80 ग्रॅम कच्च्याचे असतात. तो आकडा शिजलेल्या वाटीला लावला की माणूस घाबरून जेवणच सोडतो. काही दिवस मोजलं की नजर बसते, मग काटा फडताळात गेला तरी चालेल.

डाळीला सगळे प्रोटीन म्हणतात. अर्धंच खरं आहे. शिजलेल्या 100 ग्रॅम मसुरात 9 ग्रॅम प्रथिनं आणि 20 ग्रॅम कर्बोदकं, त्यातलं 8 ग्रॅम फायबर. भातापेक्षा कितीतरी बरी, पण हिशेबातून सुटत नाही. मध आणि खजूर यांचं ‘नैसर्गिक’पण जिभेपुरतंच. ‘शुगर फ्री’ बिस्किटात साखर नसली तरी पीठ असतंच. पाकीट उलटून ‘एकूण कर्बोदकं’ ही ओळ वाचायची.

आता आकडा, म्हणजे ग्लुकोमीटरवर (बोट टोचून रक्तातली साखर मोजायचं घरचं यंत्र) दिसणारी साखर. वहीत दोन आकडे लिहायचे: एक जेवणाआधी, दुसरा पहिल्या घासापासून दोन तासांनी (शेवटच्या घासापासून मोजणारे बरेच असतात). उपाशीपोटी 80 ते 130 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आणि जेवणानंतर 180च्या आत, असं लक्ष्य बहुतेकांना दिलं जातं. सुरुवातीला मात्र मला दोन आकड्यांमधला फरकच जास्त बोलका वाटतो. फरक 40-50च्या पुढे गेला तर पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलायची: भात 250चा 120, बाकी ताट तेच. नंतर तेवढाच भात, पण भाजी आणि डाळ आधी खाऊन. त्यानंतर तेच जेवण, वर 15 मिनिटं चालणं. एकदम सगळं बदललं की साखर कशाने उतरली ते वहीला सांगता येत नाही.

फळ कापून हात न धुता बोट टोचलं, तर फळाची साखर मोजली जाते. 142 आणि 153 यात आनंद-दुःख मानू नये, ग्लुकोमीटरला 15 टक्क्यांपर्यंतची चूक माफ असते. तळलेलं किंवा भरपूर चीजचं जेवण दोन तासांनी साळसूद दिसतं आणि नंतर चढतं, कारण फॅटमुळे जठर सावकाश रिकामं होतं.

सकाळचा उपाशी आकडा सर्वांत हट्टी. रात्री कमी खाऊनही तो चढा येतो, कारण पहाटे कॉर्टिसोलसारखी हार्मोन्स वाढतात आणि यकृत ग्लुकोज सोडतं. तिथे रात्रीचं जेवण आणखी कापण्यापेक्षा वजन उतरणं जास्त कामी येतं. ब्रिटनमधले संशोधक रॉय टेलर आणि माइक लीन यांच्या ‘डायरेक्ट’ चाचणीत (2017) निदानाला सहा वर्षांहून जास्त न झालेले आणि इन्सुलिन न घेणारे लोक होते. तीन ते पाच महिने रोज सुमारे 850 कॅलरींचा आहार, देखरेखीखाली. वर्षाअखेर 46 टक्के लोक औषधांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होते. 15 किलो किंवा जास्त वजन उतरलेल्यांत हेच प्रमाण 86 टक्के.

औषधाची ओळ लाल शाईने. ग्लिमेपिराइडसारखी इन्सुलिन वाढवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भात निम्मा केला आणि डोस तोच ठेवला, तर साखर 70च्या खाली घसरू शकते. डोसचं डॉक्टरांशी आधी ठरवायचं, खिशात ग्लुकोज ठेवायचं: 15 ग्रॅम घेऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येणाऱ्या गोळ्यांवर कर्बोदकं जवळजवळ बंद करणं तर आणखी धोक्याचं. कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठून जिवावर बेतणारी अवस्था) होऊ शकतो, तोही साखर फारशी वाढलेली दिसत नसताना.

एचबीए1सी, म्हणजे सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, तीन महिन्यांनी. त्याआधी करून जीव खालीवर करण्यात अर्थ नाही. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, तेवढ्या काळाची सरासरी त्यात उतरते.

आणि साखर भराभर उतरताना नजर अंधूक झाली, तर नवा चष्मा लगेच करायचा नाही. डोळ्यातल्या भिंगातलं पाणी कमी-जास्त होऊन नंबर हलतो. डोळ्याच्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी निदानानंतर लगेच, चष्म्याचा नंबर मात्र आकडे काही आठवडे स्थिरावल्यावर.