बॉक्सिंगची बॅग पुन्हा टांगली: चिंध्यांचा गोळा सुटला, आता डबल-एंड बॉलची तयारी

भाचीच्या बॉक्सिंगसाठी घरीच चिंध्या भरून केलेली पंचिंग बॅग तळाशी गोळा होऊन खालून दगड होत चाललीय, हे मागच्या वेळी लिहिलं होतं. पावसाळ्यात ते इतकं वाढलं की तिच्या बॉक्सिंगच्या सरांनी तिला बॅगला हातच लावू नकोस म्हणून सांगितलं. ती आधीपासून म्हणत होतीच, "मामा, खाली हुक (बाजूनं वळवून ठोसा) मारला की मनगटात कळ येते." पंधरा वर्षांच्या पोरीचं मनगट आहे, तिथे हयगय नको. तेव्हापासून फक्त शॅडो (हवेत ठोसे), दोरी आणि फूटवर्क चाललं होतं. काल बॅग परत टांगली. तिनं आधी जॅब-क्रॉस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या हाताचे सरळ ठोसे, टाकले, मग वाकून बॉडी हुक हाणला आणि लगेच दुसऱ्या बाजूनं अजून एक. मनगट ठीक. एवढा आनंद मला नवीन ग्लोव्हज आणले तेव्हाही झाला नव्हता.

आता त्या गोळ्याबद्दल सविस्तर, कारण घरी बॅग भरणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं. आमची बॅग एक फूट व्यासाची, तीन फूट उंच, म्हणजे आत साधारण 67 लिटर जागा. इचलकरंजीत लूमची चिंधी आणि कॉटन वेस्ट किलोवर मिळते, त्यामुळे मालाची चिंता नव्हती. पण सुटा माल एका जागी राहत नाही. वरचं सगळं वजन खालच्या थरावर, त्यात प्रत्येक ठोशाचा हादरा, त्यात पावसाळी हवेतली ओल कापसानं धरलेली. खालचा वीतभर भाग घट्ट झाला आणि वरचा पोकळ पडून ठोशासरशी दुमडायला लागला. वरून अजून चिंध्या कोंबल्या की पोकळी भरायची, पण खालचा भाग आणखी आवळायचा.

बऱ्याच जणांनी वाळू सुचवली. त्यांच्यासाठी हिशेब मांडतो. कोरडी वाळू लिटरला दीड किलोच्या आसपास भरते. पूर्ण बॅग भरली तर शंभर किलोच्या घरात जाईल. पाव भाग भरली तरी 25 किलो, आणि तीही तळाशीच जाऊन बसणार. भाचीचं वजन 47 किलो. आपल्या वजनाच्या निम्मी बॅग हा जुना ठोकताळा धरला तर 23-24 किलो पुष्कळ झाले, आणि तेवढं वजन नुसत्या दाबून भरलेल्या कापडात येतं. लहान वजनाच्या मुलांना वाळू लागतच नाही, हे माझं ठाम मत आहे.

तोडगा निघाला तो माल सुटा न ठेवण्यात. बॅग पूर्ण रिकामी केली, सगळं उन्हात वाळवलं. चेन, बटणं, जीन्सच्या जाड शिवणी कापून फेकल्या, कारण ठोसा नेमका तिथेच लागतो. मग जुन्या चादरीच्या गोल, चपट्या उशा शिवून घेतल्या, बॅगच्या व्यासापेक्षा दोन-दोन इंच कमी. प्रत्येकीत चिंध्या घालून मुसळानं ठेचल्या आणि तोंड शिवून टाकलं. आता उशीतला माल उशीतच राहतो, खालच्या मजल्यावर उतरत नाही.

उशा एकावर एक रचल्या तेव्हा नवीन कटकट निघाली: दोन उशांच्या सांध्यात मूठ रुतायची. त्यावर जुन्या गादीतला इंचभर फोम सगळ्या चळतीभोवती गुंडाळला, त्यावर एक गोधडी, आणि नाड्यानं करकचून बांधलं. एवढा लठ्ठ गठ्ठा कॅनव्हासच्या खोळीत काही केल्या जाईना. शेवटी त्याला प्लास्टिकचा कागद लपेटला, तेव्हा सरसर आत गेला. तो कागद आतच ठेवलाय, ओलही लागणार नाही. ठोशाला थोडा कुरकुर आवाज येतो, येऊ दे. भंगारवाल्याच्या काट्यावर बॅग 24 किलो भरली.

टांगणी तीच, बंद लूमच्या शेडमधला लोखंडी गर्डर. साखळी आणि गर्डरच्या मध्ये ट्रकच्या ट्यूबचा पट्टा दुहेरी करून घातलाय, त्यानं हादराही मरतो आणि खडखडाटही. पट्टा तुटलाच तर बॅग खाली येऊ नये म्हणून बाजूनं एक ढिली साखळी वेगळी आहे. ती कुणीही टाळू नका.

बाकी खर्चाचं थोडक्यात. ग्लोव्हज 12 औंसचे, वेल्क्रोचे, एकटीला घालता-काढता येतात. ऑनलाइन 'प्रोफेशनल' छापलेले स्वस्त जोड मी घेणार नाही. दुकानात हातात घालून, बोटांच्या गाठींवर अंगठा दाबून बघावं. फोम ताबडतोब वर येत नसेल तर फुकटसुद्धा नको. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे घातले की घामाचा वास कमी होतो. ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्ट्या साडेचार मीटरच्या, सुती. क्रेप बँडेज वापरू नका, ते एक तर हात आवळतं नाही तर सैल पडतं. बुटांवर मात्र पैसे वाचले. कोल्हापुरात कुस्तीचे बूट सहज मिळतात, तळ पातळ आणि घोट्याला धरून असतात, सुरुवातीला तेच झकास.

आता पॅड्ससाठी (ठोसे झेलायला समोरच्यानं हातात धरायच्या गाद्या) पैसे साठवत होतो, पण हे लिहिता लिहिता त्या ट्यूबवरूनच सुचलं: उरलेल्या पट्ट्यांवर डबल-एंड बॉल, म्हणजे वर-खाली दोन्हीकडून ताणून बांधलेला चेंडू, का नाही होणार? रबरी चेंडू कांद्याच्या जाळीत घालायचा, वर गर्डरला एक पट्टा, खाली जमिनीतल्या कडीला दुसरा. चेंडू तिच्या हनुवटीच्या उंचीवर. तिचा जॅबचा हात ठोशानंतर गालाकडे परत येत नाही, ही सरांची मोठी तक्रार आहे, आणि उलटून येणारा चेंडू ते रोज शिकवेल. पॅड्स धरायला सरच लागतात, मला अजून नीट धरता येत नाहीत. म्हणून पॅड्स लांबणीवर, ते पैसे डोक्याच्या हेडगार्डकडे. स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, सर म्हणतील तेव्हाच, पण त्या दिवशी हेडगार्डसाठी अडायला नको.

ट्रकच्या ट्यूबचा पट्टा चेंडूसाठी फार जड जाईल असं वाटतंय, म्हणून आधी सायकलची ट्यूब लावून बघणार. कुणी दोन्ही वापरल्या असतील तर खालचा पट्टा वरच्यापेक्षा ताणून बांधायचा की सारखाच, तेवढं सांगा. रविवारी कडी ठोकायची आहे.