बेसिक रायडर कोर्सची नोंद: ब्रेक उजव्या हातात घेताना

बेसिक रायडर कोर्सचा मैदानावरचा भाग या शनिवार-रविवारी संपला आणि चाचणीही पास झाले. न्यू जर्सीत मोटरसायकल शिकायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी, आणि तिकडे घरी स्कूटरवरून गिअरच्या गाडीकडे वळणाऱ्यांसाठीही, ही नोंद जरा सविस्तर लिहितेय. ब्रेकवरच जास्त लिहिलंय, कारण माझ्या मते हा कोर्स मुळात थांबायला शिकवतो. चालवणं त्यासोबत आपोआप येतं.

अभ्यासक्रम मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचा. ही संस्था 1973 पासून आहे आणि अमेरिकेत अनेक राज्यांत नवशिक्यांना याच पद्धतीने शिकवतात. आधी घरी बसून ऑनलाइन भाग करायचा, मग दोन दिवस मिळून साधारण दहा तास गाडीवर. गाडी त्यांचीच असते. आम्हाला होंडा रेबेल 250 होती, बुटकी आणि हलकी, दोन्ही पाय जमिनीला छान टेकतात. घोट्याच्या वर येणारे बूट, पूर्ण बोटांचे हातमोजे, लांब बाह्या, जाड पँट आणि हेल्मेट एवढं अंगावर असल्याशिवाय गाडीला हातसुद्धा लावू देत नाहीत. वेग ताशी 30 किलोमीटरच्या आसपासच असला तरी हा नियम आहे, आणि तो मला मनापासून पटला.

मी कॉलेजपासून कोल्हापुरात ॲक्टिव्हा चालवत आले. ॲक्टिव्हाचे दोन्ही ब्रेक हातात: डावा मागच्या चाकाचा, उजवा पुढच्या. पण उजवा वापरतं कोण? ‘पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर आपटशील’ हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. त्यामुळे थांबायचं म्हटलं की डावी मूठ आवळायची, हे हातात मुरलेलं. मोटरसायकलवर तिथेच क्लच असतो. तो दाबला की इंजिन चाकापासून सुटतं आणि गाडी आपल्या वेगात मोकळी पुढे जात राहते. स्कूटरवरून येणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट पहिल्या दिवसाआधीच डोक्यात पक्की करून जावी.

पहिला तास सगळा हाफ क्लचचा. फर्स्ट गिअर, पाय जमिनीवर, रेस नाही. क्लच अगदी हळू सोडायचा, गाडी ओढ घ्यायला लागली की परत दाबायचा. पुढे एक वीत, मागे एक वीत, असं डोलत राहायचं. मग त्याच ओढीवर पाय टेकवत मैदान ओलांडायचं. कंटाळवाणं वाटेल, पण याने डाव्या हाताला नवं काम मिळतं, आणि काम मिळालं की तो ब्रेक शोधत नाही. थोड्या वेळाने क्लच नेमका कुठे धरतो हे बोटांना न बघता कळायला लागलं. सेकंड गिअर, थर्ड गिअर, परत खाली येणं, हे सगळं त्यानंतर फार सोपं गेलं.

मग ब्रेक. कोचने बंद गाडी हाताने ढकलत आणली आणि आम्हाला पुढच्या फोर्ककडे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांकडे, बघायला सांगितलं. पुढचा ब्रेक दाबताच फोर्क खाली बसला. ब्रेक लागला की गाडीचं आणि आपलं वजन पुढच्या चाकावर येतं, टायर रस्त्यावर दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. मागचं चाक त्याच वेळी हलकं होतं, म्हणून ते पटकन लॉक होऊन घसरतं. थांबवण्याची सुमारे 70 टक्के किंवा त्याहून जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते ती यामुळे. फक्त तो हिसक्याने ओढायचा नाही. लिंबू पिळतो तसा आधी अलगद आणि मग वाढत जाईल असा दाबायचा, म्हणजे वजन पुढे यायला वेळ मिळतो. सोबत उजव्या पायाने मागचा ब्रेक, डाव्या हाताने क्लच, आणि थांबेपर्यंत गाडी फर्स्टला.

लॉक झालंच तर? पुढचं चाक लॉक झालं तर ब्रेक ताबडतोब सोडायचा आणि पुन्हा नीट दाबायचा. मागचं झालं तर मात्र ते थांबेपर्यंत तसंच लॉक ठेवायचं. घसरत आडव्या आलेल्या मागच्या चाकाला अचानक पकड मिळाली तर गाडी झटक्यात सरळ होते आणि चालवणाऱ्याला वर फेकते. ब्रेक सोडावासा वाटतो तिथे तो न सोडणं, हे शिकवल्याशिवाय कुणाला सुचणार नाही.

ऑनलाइन भागानंतर मी हर्ट रिपोर्टबद्दल वाचलं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस भागातल्या 900 मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. अहवाल 1981 मध्ये आला. त्यात दिसलं ते असं: संकटात बहुतेक जण मागचा ब्रेक जरुरीपेक्षा जास्त दाबून चाक घसरवत होते आणि पुढचा फारच कमी वापरत होते. ऐनवेळी गाडी बाजूला काढणं तर जवळपास कुणालाच येत नव्हतं. वाचून मला कोल्हापूरचा दसरा चौक आठवला. सवय दोन्हीकडे तीच.

बाजूला काढण्याचा, म्हणजे स्वर्व्हचा सराव दुसऱ्या दिवशी झाला. उजवीकडे जायचं तर उजवी मूठ पुढे ढकलायची. ऐकायला उलटं वाटतं, पण गाडी खरंच उजवीकडे कलते आणि निघते. या वेळी ब्रेकला हात नाही. आधी ब्रेक मग वळण, किंवा आधी वळण मग ब्रेक. दोन्ही एकदम केलं तर टायरची पकड पुरत नाही.

बॉक्समधला यू-टर्न सगळ्यांनाच जड गेला. सुमारे 20 फूट रुंदीच्या चौकटीत डावीकडून एक आणि उजवीकडून एक वळण, पाय न टेकता. आरटीओत आठचा आकडा काढलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, पण इथे तो काढायचा कसा हे शिकवतात: हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, अंग वळणाच्या बाहेरच्या बाजूला, आणि मान पूर्ण वळवून जिथे जायचंय तिथे नजर. पुढच्या चाकाकडे पाहिलं की गाडी तिथेच कोसळायला बघते. आणि हो, हँडल असं पूर्ण वळलेलं असताना पुढचा ब्रेक खरंच दाबायचा नाही. गाडी जागेवर आडवी होते. खडीवरही तसंच. घरच्यांच्या त्या धाकात एवढं तथ्य आहे. सरळ रस्त्यावर मात्र तो लागू नाही.

लेखी परीक्षेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ऑनलाइन भाग लक्ष देऊन केला तर पुरे.

भारतात नवी गाडी घेणाऱ्यांसाठी एक: एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि 125 पर्यंतच्यांना निदान सीबीएस सक्तीचं आहे. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, म्हणून अनेक जण उजव्या हाताला सुट्टी देऊन टाकतात. तसं करू नका. पूर्ण ताकद हवी तर पुढचा स्वतः दाबावाच लागतो.

आता मोटर व्हेइकल कमिशनमधून लायसन्सवर मोटरसायकलची नोंद करून घ्यायची, मग वापरलेली रेबेल शोधायची. गाडी मिळाली की रस्त्यावर नेण्याआधी रिकाम्या पार्किंगमध्ये तोच क्रम: हाफ क्लच, सरळ रेषेत झटपट थांबणं, वेग थोडा वाढवून परत थांबणं. ताशी 30 वरून 60 वर गेलं की थांबायला दुप्पट नाही, चौपट अंतर लागतं. ते खडूच्या खुणा करून डोळ्यांनी बघायचंय. चढावर थांबून परत निघण्याचा सराव सपाट मैदानावर होत नाही, तो राहिलाय. त्यासाठी कुणाकडे चांगली पद्धत असेल तर नक्की सांगा.