गांबोआतलं डबकं

पनामात आठ दिवस होतो. कालवा पाहिला, जहाजं पाहिली; त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला सांगायचंय ते गांबोआतल्या एका डबक्याबद्दल.

चाग्रेस नदी कालव्याला मिळते तिथे जंगलाला खेटून हे छोटंसं गाव आहे. पावसाळा होता. रात्री वाटाड्याबरोबर आम्ही आठ जण निघालो. रस्त्याकडेच्या वीतभर पाण्यात तुंगारा बेडूक ओरडत होते. आधी लांबलचक 'टुंऽऽ', मग तुटक 'गारा'. नाव पडलंय ते या आवाजावरूनच.

वाटाड्याने हात वर केला. "कुआत्रो ओहोस," तो पुटपुटला. चार डोळे!

गवतातून राखाडी रंगाचा प्राणी आला. डोकं काळपट आणि दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक ठसठशीत सायीच्या रंगाचा ठिपका. विजेरीत खरे डोळे लकाकत होते, ठिपके नुसतेच फिकट. पण पाण्याशी येऊन त्याने मान खाली घातली, तेव्हा खरे डोळे दिसेनासे झाले आणि ठिपके तेवढे आमच्याकडे बघत राहिले. माझ्या अंगावर काटा आला. आजोळच्या काळ्या कुत्र्याच्या भुवयांवर असेच पिवळे ठिपके होते. ऋग्वेदात यमाच्या कुत्र्यांना 'चतुरक्ष' म्हटलंय, ते वाचताना मला नेहमी तोच आठवतो.

हा ओपॉसम, फिलँडर वंशातला. कांगारूसारखी याच्या मादीलाही पिशवी असते. तिथल्याच जंगलात तपकिरी ओपॉसमही आहे, तसेच ठिपके असलेला. पण त्याचा वंश वेगळा आणि मादीला पिशवी नाही. राखाडीची शेपटी बुडाशी केसाळ, पुढे काळी, टोकाला पांढरी. बेडूक ओरडतो त्या आवाजाच्या रोखानेच हा त्याला गाठतो, असं संशोधकांनी 1981 मध्ये लिहून ठेवलंय. म्हणजे मादीला बोलावणारी हाकच जिवावर बेतते. तो कान टवकारून एका हाकेकडे सरकत होता, मी श्वास धरून बघत होते.

तेवढ्यात मागून कुणीतरी फ्लॅश मारला. लगेच दुसरा. काळी-पांढरी शेपटी गवतात गेली.

मला रडूच आलं. फोटो कशाला हवा होता? रात्री शिकारीला निघालेल्या जनावराच्या डोळ्यांत एवढा उजेड मारायचा, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. वाटाड्यानेही अडवलं नाही. इतकी माणसं एकत्र न्यायलाच नकोत.

बाकीचे पुढे गेले. मी विजेरी बंद करून डबक्याशी थांबले. बराच वेळ पाणी गप्प होतं. मग पलीकडच्या काठाला एकाने हळूच 'टुंऽऽ' केलं.