तुम्ही विचारलंत म्हणून: अधिकार नव्हता, तरी फाइल घातली

"सर, कमिटचा अधिकारच नव्हता, तर मराठीची नवी फाइल घातलीत कशी?" सोलापुरात चार मुलं जमली की हे येतंच. फाइल म्हणजे सॉफ्टवेअरचा मराठी अनुवाद; कमिट म्हणजे बदल सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये नोंदवणं. प्रश्नाचा सूर असा, जणू मी रात्री कुंपणावरून उडी मारली.

नाही मारली. तुम्ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटवर वाढलात, तिथे नवी फाइल जोडणारं अ‍ॅड आपल्याच मशीनवर होतं. पण गिट आलं २००५ साली. त्याआधी आमच्या वाट्याला त्याच कामाचं जुनं सीव्हीएस, आणि त्यात नुसतं अ‍ॅडसुद्धा सर्व्हरला विचारून. निनावी लॉगिन दिसलं की तो म्हणायचा, लिहिण्याचा अधिकार लागेल.

म्हणून पहिल्यांदा मी अ‍ॅडच केलं नाही. सात रस्त्याजवळच्या कॅफेत बसून भाषांच्या यादीत मराठीचा संकेत 'एमआर' लिहिला, डिफ, म्हणजे काय बदललं त्याची नोंद, काढला, पॅच म्हणून पाठवला. डिफच्या पहिल्याच ओळीत प्रश्नचिन्ह होतं आणि पुढे माझ्या अनुवादाच्या फाइलचं नाव, एमआर.पीओ. सीव्हीएस विचारत होतं, ही कुणाची? मी ती ओळ वाचली. वाचून पुढे गेलो. पॅच स्वीकारला गेला, यादीत मराठी आली, अनुवाद मात्र माझ्या फ्लॉपीवर. कोडपासून सॉफ्टवेअर तयार करणारं मेक पीओपासून एमआर.जीएमओ बनवायला गेलं, एमआर.पीओ सापडेना, बिल्ड, म्हणजे ते तयार करणंच, मोडला. माझा नाही, सगळ्यांचा. इकडे लोडशेडिंग. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेल उघडली तर पॅच काढून टाकलेला आणि एवढंच लिहिलेलं: फाइल कुठे आहे?

बिल्ड न करता पॅच घेणाऱ्याची काहीच चूक नाही का? आहे. पण ओळ मी वाचली होती.

मग शिकलो. फोल्डरात सीव्हीएस नावाचं फोल्डर असतं, त्यात एन्ट्रीज फाइल. तिथे हातानं एक ओळ घालायची: स्लॅश, फाइलचं नाव, स्लॅश, शून्य, स्लॅश, तारखेच्या जागी काहीतरी खोटं, दोन स्लॅश. शून्य म्हणजे जोडलेली, पण अजून कमिट न झालेली. मग डिफला कॅपिटल एन दिला की पूर्ण फाइल पॅचमध्ये उतरते. सर्व्हरवर काही लिहिलं जात नाही. याला लबाडी म्हणायचं तर म्हणा.

अधिकार मागितला का नाही? तेव्हा म्हणायचो, काम बघून आपणहून देतील. आता वाटतं, 'नाही' ऐकायची भीती होती. कधी वाटतं, तसंही नव्हतं. मागायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. परवा एकानं पुन्हा विचारलं, तेव्हा कागदावर ती एन्ट्रीजची ओळ लिहून दिली आणि चहा मागवला.