नाइन डिग्री चॅनेल, आई आणि अठरा सेकंदांची लाट

लक्षद्वीपला जहाजाने निघाला असाल तर फोनवरचं ते ढग आणि सूर्याची चित्रं दाखवणारं ॲप सरळ बाजूला ठेवा. एप्रिलमध्ये ते रोज सूर्यच दाखवतं, आणि ते खोटंही नसतं. पण तुम्ही बेटावर उतरणार की जहाजाच्या कठड्याला टेकून लांबूनच नारळाची झाडं बघणार, हे आकाशावर ठरत नाही.

जायचं होतं ते आईला. देवगडला तिने वर्षानुवर्षं भूगोल शिकवला. भिंतीवरच्या नकाशात लक्षद्वीपचे बाकीचे ठिपके आणि दक्षिणेकडचं मिनिकॉय बेट यांच्यामधून जाणारं नऊ अंशांचं अक्षवृत्त तिने छडीने किती पिढ्यांना दाखवलं असेल कोण जाणे. निवृत्तीनंतर एकच हट्ट: नाइन डिग्री चॅनेल, म्हणजे तो मधला समुद्राचा पट्टा, ओलांडायचं, आणि तेही पाण्यावरून. विमान अगत्ती बेटावर उतरतं, मिनिकॉयला विमानतळच नाही, त्यामुळे तिचा हट्ट सोयीचाही होता. कोचीहून निघून कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय करणारी जहाजाची सहल आहे. दिवसा बेट, रात्री प्रवास, झोपायला जहाजच. आम्ही ती घेतली.

परवान्याबद्दल फार लिहीत नाही. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, त्यासाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो, आणि तो दाखला त्याच्या सवडीने मिळतो. तारखा धरण्याआधी तो हातात असलेला बरा. बाकी सगळं कागदपत्रांचंच काम.

खरा अभ्यास समुद्राचा. हैदराबादला इन्कॉइस नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, १९९९ पासूनची. तिच्या संकेतस्थळावर लाटा, वारा, प्रवाह यांचे अंदाज फुकट बघायला मिळतात, लक्षद्वीपचे वेगळे. त्याच्या जोडीला हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा. तो आमच्याकडे घरोघरी माहीत. तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला म्हणजे काय, हे देवगडात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. पण बावटा बंदराचा असतो. भर समुद्रातल्या बेटाचं गणित थोडं वेगळं निघालं.

पहिल्यांदा अंदाज उघडला तेव्हा लाटांची उंची दीड मीटर दिसली. हवामान खात्याच्या भाषेत सव्वा ते अडीच मीटर म्हणजे ‘मध्यम’ समुद्र, अडीच ते चार म्हणजे ‘खवळलेला’. दीड म्हणजे काहीच नाही असं कोणालाही वाटेल. पण ही उंची म्हणजे सगळ्यांत मोठ्या लाटेची नव्हे. त्या वेळच्या लाटांपैकी ज्या सर्वांत उंच एक-तृतीयांश, त्यांची ती सरासरी. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही येऊ शकते. हे कळल्यावर मी दीड हा आकडा तीन म्हणून वाचायला लागले. आईला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, सरासरी ही सरासरीच, उगाच घाबरू नकोस.

दुसरा आकडा लाटेच्या कालावधीचा, म्हणजे एक शिखर गेल्यावर दुसरं किती सेकंदांनी येतं त्याचा. माझ्या मते हाच सगळ्यांत महत्त्वाचा, आणि लोक नेमका हाच बघत नाहीत. जवळच्या वाऱ्याने उठलेली लाट पाच-सहा सेकंदांची असते. सहा सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात छप्पन्न मीटरच्या आसपास भरते. आमच्या अंदाजात मात्र वाऱ्याच्या लाटेखेरीज आणखी एक ओळ होती: दक्षिण-नैर्ऋत्येकडून येणारी, सतरा-अठरा सेकंदांची. अठरा सेकंदांच्या लाटेची लांबी पाचशे मीटर होते. खोल समुद्रात ती दिसतही नाही, जहाज हळूच वर जातं नि खाली येतं. पण तिच्यातला जोर खोलवर पोचलेला असतो. उथळ पाणी आलं की तीच लाट आखडते, उंच होते आणि प्रवाळाच्या भिंतीवर जाऊन फुटते.

ही लाट तिथल्या वाऱ्याची नसतेच. ती विषुववृत्ताच्याही पलीकडून, दक्षिण महासागरातल्या वादळांतून निघते. अठरा सेकंदांच्या लाटांचा ताफा दिवसाला साधारण बाराशे किलोमीटर कापतो. चाळीस अंश दक्षिणेहून दहा अंश उत्तरेपर्यंत यायला साडेचार दिवस. ३१ मार्च २०२४ ला केरळच्या किनाऱ्यावर असंच पाणी घरांत शिरलं होतं, वर आभाळ निरभ्र असताना. त्या लाटांचा उगम आठवडाभर आधी, भारतापासून सुमारे दहा हजार किलोमीटरवरच्या एका कमी दाबाच्या क्षेत्रात होता असं नंतर इन्कॉइसने सांगितलं. केरळात याला कळ्ळक्कडल म्हणतात, आणि मार्च ते मे हा त्याचा हंगामच. आम्ही कोचीत पोचलो त्या संध्याकाळी लॉजवरच्या टीव्हीत हाच शब्द सारखा ऐकू येत होता. दोन दिवसांनी लक्षद्वीपला उंच लाटांचा इशारा होता. सहल रद्द नव्हती. जहाजाला त्या लाटेचं काही वाटत नाही, प्रश्न असतो तो उतरण्याचा.

कोचीहून कवरत्ती चारशे किलोमीटर, पश्चिमेला आणि जरासं उत्तरेकडे. म्हणजे दक्षिणेची लाट जहाजाच्या डाव्या कुशीवर येते. रात्रभर जहाज एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे डोलत राहिलं. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी हा प्रकार सगळ्यांत वाईट. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मिळाली तर हेलकावे कमी जाणवतात, वरच्या मजल्यावरच्या खिडकीचा मोह टाळावा. उलटीची गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. शेजारच्या केबिनमधले एक काका तीन वाटी सांबार-भात जेवून मग गोळी शोधत होते. त्यांचं पुढे काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. आई मात्र घोरत होती.

कवरत्तीला समुद्र अगदी सभ्य. कंकणद्वीपाची रचना तिथे आईच्या पुस्तकातल्या आकृतीसारखी दिसते: पूर्वेच्या कडेवर बेट, पश्चिमेला खाजण म्हणजे उथळ, शांत पाणी, आणि खाजणाच्या बाहेर प्रवाळाची भिंत. मोठं जहाज उथळ खाजणात शिरू शकत नाही. ते बाहेर थांबतं, त्याच्या कुशीतलं दार उघडतं आणि माणसं होडीत उतरतात. भरती-ओहोटीचा फरक तिथे साधारण मीटरभरच. मुंबईत उधाणाला पाच मीटरपर्यंत पाणी चढतं, त्यामानाने हे काहीच नाही. पण बेटंच समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-चार मीटर वर आहेत, तेव्हा मीटरभर पाण्यालाही तिथे वेगळी किंमत आहे.

लाट पोचली ती कल्पेनीला. सकाळी डेकवर आलो तर वारा नाही, पाणी तेलकट गुळगुळीत, आणि तरीही दारापाशी लागलेली होडी उंबरठ्याच्या वर येत होती आणि मग माणूसभर खाली जात होती. खलाशी दोन्ही दंड धरून एकेकाला होडीत सोडत होते, होडी वर असतानाच्या त्या क्षणभरात. पहिल्या खेपेत धडधाकट लोक गेले. मग वरून निरोप आला की वयस्कर माणसं आणि लहान मुलं आज जहाजावरच राहतील.

आई भांडली. मुकाट बसणं तिच्या स्वभावात नाही. मी खलाशाची बाजू घेतली तशी माझ्यावरही उखडली. शेवटी कठड्यापाशी खुर्ची ओढून म्हणाली, “गुडघे गेलेत गो, डोळे आहेत अजून.” आणि मनगटावरचं घड्याळ बघत होडी वर यायची वेळ मोजायला लागली. सतरा, अठरा, सतरा. अंदाजातला आकडा समोर पाण्यात दिसत होता. तिने आणखी एक गोष्ट टिपली, जी मला कुठल्याच तक्त्यात सापडली नव्हती: तीन-चार मोठ्या लाटा लागोपाठ येतात, मग काही मिनिटं पाणी निवांत असतं. होडीचा तांडेल त्या निवांतपणाची वाट बघत इंजिन नुसतं धरून ठेवायचा आणि मगच दाराला लागायचा. बाहेरून तो आळशी वाटला असता.

कल्पेनीवर १८४७ च्या वादळाने समुद्रातून फेकलेल्या प्रवाळाच्या दगडगोट्यांचा मोठा बांध आजही आहे. तो बघायचा आमचा बेत होता, तो राहिला.

त्या रात्री नाइन डिग्री चॅनेल. कल्पेनीहून मिनिकॉय जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे, त्यामुळे आता तीच लाट समोरून आली. कालचं डोलणं गेलं आणि गोते सुरू झाले: नाक वर, नाक खाली, सावकाश. मला हे सोसवतं, कुशीवरचं नाही. एडनच्या बाजूने श्रीलंकेकडे आणि पुढे मलाक्काकडे जाणाऱ्या जहाजांचा हा हमरस्ता, त्यामुळे दिवे सतत दिसत होते. आईने मध्यरात्री मला उठवून डेकवर नेलं. फोनवर अक्षांश नऊच्या खाली सरकले ते तिने स्वतः पाहिलं, “झालं” म्हणाली आणि झोपायला गेली. मी तिथेच थंडीत उभी.

मिनिकॉयला लाट अजून होती, जराशी उतरलेली. पण इथे जहाजाने जागा वेगळी निवडली. मिनिकॉयच्या खाजणाची तोंडं उत्तरेकडे आहेत आणि लाट येत होती दक्षिणेकडून. सगळं बेट आणि प्रवाळाची भिंत तिच्या आड उभी. उत्तरेच्या अंगाला होडी दारापाशी हातभरच हलत होती, आणि आईला कोणी अडवलं नाही. लाइफ जॅकेट घालून ती होडीत बसली आणि तिथूनच सांगायला लागली की हे आपल्या देवगडच्या बंदरासारखंच आहे, किल्ल्याचा डोंगर आड येतो म्हणून आत पाणी निवांत.

ती उगाच बोलत नव्हती. २०१७ च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळ कन्याकुमारीजवळून मिनिकॉयच्या बाजूने वर सरकलं, तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या अडुसष्ट बोटी आणि साडेनऊशेवर मच्छीमार देवगड बंदरात आसऱ्याला आले होते. तेव्हा ती धक्क्यावर गेली होती. त्या माणसांनी नावं घेतलेली बेटं तिला नकाशावरून ठाऊक होती, एवढंच.

मिनिकॉयचा दीपस्तंभ १८८५ चा. आई खाली सावलीत बसली, मी वर गेले. वरून सगळं गणित एका नजरेत दिसतं. दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतीवर फेसाची जाड पांढरी रेघ, आणि तिच्या आत खाजणाचं फिकं हिरवं पाणी, सुरकुतीसुद्धा नाही. पण ते दिसतं तितकं स्वस्थ नसतं. भिंतीवरून आत फेकलं गेलेलं पाणी कुठूनतरी बाहेर पडणारच, आणि ते पडतं त्याच तोंडांतून, जोराने. पोहायला उतरायचं तर तोंडापासून लांब, आणि मोठी लाट असेल त्या दिवशी तर नाहीच, असं होडीवाल्याने बजावलं होतं.

मी उतरले तोवर आईने एका निवृत्त बोटवाल्या आजोबांशी गट्टी जमवली होती. मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या व्यापारी जहाजांवर नोकरीला जातात, त्यामुळे त्यांना हिंदी येत होतं आणि मुंबईची गोदीही पाठ होती. विषय वाऱ्याचा. त्यांच्याकडे, आणि पलीकडे मालदीवमध्येही, वर्षाचे तेरा-चौदा दिवसांचे तुकडे पाडून समुद्र कधी कसा असेल ते सांगायची जुनी रीत आहे, आणि ते तुकडे नक्षत्रांचे. मृग, आर्द्रा ही आपल्या शेतकऱ्याची पेरणीची नक्षत्रं, तिथे मासेमारीची. दोघं बोटांवर मोजत बसले होते. मी विचारलं, ही दक्षिणेची लाट त्यात बसते का? आजोबा म्हणाले, नाही, ती आली की आली, होड्या वर ओढून घ्यायच्या.

परतीचा प्रवास ईशान्येला, म्हणजे लाट मागून. जहाजाला कोणीतरी पाठीवर थोपटत नेत असल्यासारखं वाटलं आणि शेजारचे काका पहिल्यांदाच नीट जेवले.

आता आईने अंदमानचं काढलंय. तिथे अंदमान आणि निकोबारच्या मध्ये टेन डिग्री चॅनेल आहे ना. मी तिला सांगितलं की तिथला हिशेब उलटा आहे. आपल्याकडे डिसेंबर म्हणजे छान कोरडी हवा, पण बंगालच्या उपसागरात वादळं व्हायचे दिवस अजून संपलेले नसतात. २०१६ च्या डिसेंबरात पुढे वरदा झालेल्या वादळामुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर चौदाशेच्या आसपास पर्यटक अडकले होते, त्यांना काढायला नौदल गेलं. तेव्हा गेलोच तर फेब्रुवारीत, आणि परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवून. तिने कॅलेंडर उतरवून फेब्रुवारीवर खूण केलीसुद्धा. निकोबारला बाहेरच्या माणसांना परवाना सहजी मिळत नाही, मग दहा अंश ओलांडायचे कसे, यावर मात्र आमचं अजून चाललंय.