एरर होता, पण कंस रिकामा होता

2024 च्या गणपतीच्या आधीची गोष्ट आहे. चतुर्थी 7 सप्टेंबरला, शनिवारी होती आणि सोमवारी संध्याकाळी आमच्या क्लायंटने, म्हणजे एका खाजगी बसवाल्याने, कोकणातल्या जादा गाड्यांचं बुकिंग उघडलं. आमचं ॲप नोडवर, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टवर चालतं, मी बॅकएंड, म्हणजे पडद्यामागची बाजू बघतो. रात्री पाऊण वाजता फोन वाजला. त्यांच्या दादरच्या ऑफिसात रात्रपाळीला एक ताई असतात. "दादा, पैसे कटतायत आणि तिकीट येत नाहीये. नऊ जण झाले."

आता बाहेरच्यांना वाटतं की असं काही झालं की आम्ही कोड उघडून बसतो. नाही. आधी लॉग उघडतो. लॉग म्हणजे ॲपने स्वतःबद्दल लिहून ठेवलेली रोजनिशी, आणि तीही बहुतेक निरर्थक. लोड बॅलन्सर, म्हणजे सर्व्हरांमधे काम वाटून देणारा, दर पाच सेकंदांनी "जिवंत आहेस का" विचारतो, त्याच्याच एका सर्व्हरच्या दिवसाला 17,280 ओळी होतात. त्या मी आधीच गाळून टाकल्या होत्या, कारण लॉगिंगचं सगळं काम माझंच होतं आणि त्याचा मला जाम अभिमान होता.

तर मी ती वेळ शोधली. काहीच नाही. पाचेक मिनिटं बोंबलत बसल्यावर लक्षात आलं की लॉग यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत आहेत, रात्री 12:45 म्हणजे तिथे आदल्या तारखेचे 19:15. हे मला माहीत आहे, मीच तसं ठेवलंय, तरी दर वेळी मध्यरात्रीनंतर, पहाटे साडेपाचच्या आधी काही फुटलं की मी चुकीची तारीख शोधतो.

मग ओळ सापडली. लेव्हल 50, रिक्वेस्ट आयडी, पेमेंटचा नंबर, मेसेज "तिकीट तयार करताना एरर", आणि त्यापुढे एरर या नावापुढे हे: {}

बस. कंस उघडला, कंस बंद. खाली तशीच दुसरी ओळ, तिसरी. आम्ही 500, म्हणजे "सर्व्हर फुटला" हा कोड परत देत होतो त्यामुळे पेमेंट गेटवे दर थोड्या वेळाने तोच वेबहुक, म्हणजे पैसे आल्याचा निरोप, पुन्हा पाठवत होता आणि माझा सुंदर लॉगर दर वेळी इमानेइतबारे लिहीत होता की एरर आलाय, {}.

हे कसं झालं ते सांगायला जरा मागे जायला लागेल.

ऑगस्टच्या मध्यात मी विन्स्टन काढून पिनो लावला, दोन्ही लॉग लिहिणाऱ्या लायब्ररी. जुन्या कोडमधे अर्धे कन्सोल डॉट लॉग, म्हणजे जावास्क्रिप्टचा साधा छापायचा हुकूम, होते, अर्धे विन्स्टन, आणि एका माजी सहकाऱ्याने "इथे आलो", "इथे आलो 2", "इथे का आलो" अशा ओळी प्रॉडक्शनमधे ठेवून दुसरी नोकरी धरली होती. मी सगळं धुऊन काढलं. प्रत्येक ओळ जेसनमधे, म्हणजे कंसात नाव आणि त्यापुढे माहिती अशा ठरलेल्या साच्यात. असिंक लोकल स्टोरेज ही नोडची सोय वापरून प्रत्येक रिक्वेस्टचा आयडी आतल्या शेवटच्या फंक्शनपर्यंत आपोआप जाईल असं केलं, म्हणजे एका प्रवाशाचा अख्खा प्रवास एका आयडीने काढता येतो. ऑथरायझेशन हेडर, ओटीपी, पासवर्ड सगळं झाकलं. पिनोच्या झाकणीत 'तारा डॉट पासवर्ड' (*.password) लिहिलं तर ते फक्त एकच पातळी खाली बघतं, वरच्या पातळीवरचा पासवर्ड सरळ छापतं आणि दोन पातळ्या खालचाही. ते कळायला माझा एक दिवस गेला, पण 2018 मधे ट्विटरने आपल्या सगळ्या 33 कोटी युजर्सना पासवर्ड बदला म्हणून सांगितलं होतं ना, ते याच प्रकाराने, हॅश व्हायच्या, म्हणजे न ओळखता येणारं रूप घ्यायच्या आधीच पासवर्ड आतल्या लॉगमधे लिहिला जात होता. म्हणून मी कडक. रिक्वेस्टची बॉडी तर लॉगच करायची नाही असं ठरवलं, त्यात प्रवाशांचे फोन नंबर असतात. आणि ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या टूलमधे नियम टाकला की कन्सोल वापरला की लाल रेघ.

मॅनेजरला यातलं काही कळत नाही. डिसेंबर 2021 मधे लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीतल्या सुरक्षेच्या भोकाचा गोंधळ झाला तेव्हा त्याने मला रविवारी फोन करून विचारलं होतं की आपल्याकडे ते आहे का. ती जावाची लायब्ररी आहे, आपलं नोड आहे हे मी तीनदा सांगितलं, तरी "एकदा बघून घे ना" होतंच.

आता मुद्द्याचा भाग. विन्स्टनमधे आधी मेसेज मग एरर असं दिलं तरी चालतं, एररचा मेसेज शेवटी चिकटवून येतो आणि स्टॅकही, म्हणजे एरर कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीत आला तो माग, येतो. पिनोमधे उलटं आहे, आधी ऑब्जेक्ट, मग मेसेज. जुन्याच क्रमाने लिहिलं तर पिनो दुसऱ्या जागेवरचा एरर गपचूप गिळतो, हूं नाही चूं नाही. हा खड्डा मला माहीत होता! मी स्क्रिप्ट लिहून एकतीस फायलींमधे क्रम बदलला, ऑब्जेक्टमधे एरर टाकला, त्याला नाव दिलं एरर, पाच अक्षरांचं, ई आर आर ओ आर. पिनोला हवं असतं तीन अक्षरांचं, ई आर आर. त्या नावाखाली एरर ठेवला तरच तो उलगडून टाइप, मेसेज, स्टॅक लिहितो. दुसऱ्या कुठल्याही नावाखाली ठेवला तर तो साध्या ऑब्जेक्टसारखा जेसनमधे बदलतो, आणि जावास्क्रिप्टमधे एररचा मेसेज आणि स्टॅक इन्युमरेबल नसतात, म्हणजे घरात असतात पण शिरगणतीत येत नाहीत. उरतं ते {}.

मग टेस्टिंगमधे दिसलं कसं नाही? हेच डोक्यातून जात नाही. मी टेस्ट केलं होतं. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, डेटाबेस बंद करून बघितला आणि लॉगमधे छान भरलेला कंस आला: एररनंबर -111, कनेक्शन नाकारल्याचा कोड, सिस्टमकॉल कनेक्ट, पत्ता, पोर्ट 5432. कारण सिस्टमकडून येणाऱ्या एररवर नोड या गोष्टी वरून चिकटवतो आणि त्या शिरगणतीत येतात. मी स्क्रीनशॉट काढून पुल रिक्वेस्टमधे, म्हणजे कोडमधला बदल मंजुरीला टाकतात तिथे, पुरावा म्हणून डकवला. त्यात मेसेज नव्हता. स्टॅक नव्हता. समोर होतं, म्हणजे नव्हतं, आणि मला दिसलं नाही. ज्याने रिव्ह्यू केला त्याने एकतीस फायली चार मिनिटांत बघून अंगठा दिला, पण त्याला काय बोलणार.

परत त्या रात्रीकडे. डेटाबेसमधे नऊ बुकिंग काढली. वेगळ्या गाड्या, वेगळ्या रकमा, कुणी चिपळूण, कुणी सावंतवाडी. काही धागाच नाही. गेटवेची सही तपासली, रकमेतल्या पैशांचं राउंडिंग तपासलं, कनेक्शन पूल तपासला. गेटवेच्या सपोर्टला मेल टाकला, त्यांचं ठरलेलं उत्तर आलं की आमच्या बाजूने सक्सेस आहे. लॉगची एक ओळ टाकून डिप्लॉय करावं, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवावा म्हटलं तर सणाच्या आठवड्यात मॅनेजरच्या परवानगीशिवाय डिप्लॉय बंद आणि मॅनेजरचा फोन बंद. तेच वेबहुक लोकलला, म्हणजे माझ्याच मशीनवर, चालवले तर सगळी तिकिटं टकाटक तयार. तोवर नवाचे तेवीस झाले होते, त्यातल्या काहींनी तिकीट आलं नाही म्हणून परत पैसे भरलेले, एकाने तर तीनदा. लोक थांबत नाहीत. गणपतीला जायचंय म्हटल्यावर मीही थांबलो नसतो म्हणा.

साडेतीनला ताईंना फोन केला, खरं तर अजून वेळ लागेल हे सांगायला. त्या म्हणाल्या, "बरं, ही कामोठ्याचीच माणसं जास्त आहेत, त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं कामोठ्याची म्हणजे?

त्यांच्याकडे वही होती. फोन आला की नाव, किती वाजता, कुठून चढणार, किती सीट. शाळेची दोनशे पानी वही. त्यांनी वाचून दाखवलं: कामोठे, कामोठे, खांदेश्वर, कामोठे, खांदेश्वर. हे दोन थांबे जादा गाड्यांसाठी त्याच दिवशी नवीन टाकले होते. माझ्या टेबलात थांब्याच्या जागी फक्त 412 आणि 413 होतं, मी त्या आकड्यांवरून दहा वेळा नजर फिरवली असेल. आणि लोकलच्या डेटाबेसात हे थांबे नव्हतेच.

लोकलला तसा थांबा टाकला, चालवलं. फुटलं. लॉगमधे {}. मग कॅचमधे, म्हणजे एरर पकडणाऱ्या कोडमधे, गेलो आणि लिहिलं कन्सोल डॉट लॉग, एरर. खाली माझ्याच नियमाची लाल रेघ आली. चालवलं आणि टर्मिनलवर अख्खा स्टॅक: टाइपएरर, नलमधून, म्हणजे काहीच नसलेल्या जागेतून, ट्रिम वाचता येत नाही, अमुक फाइल, ओळ 88. तिकिटावर थांब्याशेजारी खूण छापतो, "पेट्रोल पंपासमोर" वगैरे, त्या खुणेच्या मागेपुढची स्पेस कापायचा कोड. नवीन थांब्यांना कुणी खूण भरलीच नव्हती.

डिप्लॉय लागलंच नाही. ताईंना सांगितलं, ॲडमिनमधे जाऊन दोन्ही थांब्यांना खूण भरा. त्यांनी भरली. गेटवेचा पुढचा रिट्राय आला आणि एकेक तिकीट सुटायला लागलं. चार वाजून दहा मिनिटं. ताई फोनवरच वहीत टिक करत होत्या, पेन ऐकू येत होतं.

बुधवारी परवानगी मिळाल्यावर दुरुस्ती टाकली. पिनोच्या सीरियलायझरमधे, म्हणजे ऑब्जेक्ट लॉगमधे कसा लिहायचा ते ठरवणाऱ्या भागात, एरर या नावालाही तेच उलगडणारं फंक्शन लावलं, एक ओळ. आणि एक टेस्ट, जी साधा, कुठलीही चिकटवाचिकटवी नसलेला एरर फेकते आणि लॉगच्या ओळीत स्टॅक आहे का बघते.

मग बसून मी विन्स्टन काढल्यापासूनचे सगळे लॉग काढले आणि रिकामे कंस मोजले. या रात्रीचे वगळून एकसष्ट निघाले. त्यातले काही अंदाजाने लागतात. बाकीचे नाही लागत. एक तर रोज यूटीसी 21:30 ला येत होता, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे तीन, बारा दिवस सलग, नुसतं "जॉब फेल" आणि {}. दुरुस्ती टाकल्यावर म्हटलं आता सापडेल. त्या पहाटे मुद्दाम जागा राहिलो. तीन वाजले, सव्वातीन वाजले, तो आलाच नाही. डिप्लॉयमधे प्रोसेस रीस्टार्ट झाली म्हणून असेल कदाचित. त्यानंतर आजपर्यंत कधी आला नाही. आमचे लॉग तीस दिवसांनी पुसले जातात, म्हणून त्या बारा ओळी मी काढून लॅपटॉपवर ठेवल्यात, मधूनमधून उघडून बघतो.