आधार आहे ना, मग डोमिसाईल कशाला?

बारावीचा निकाल लागला की सेतू केंद्रासमोर जी झुंबड उडते ती बघून वाटतं आत काहीतरी फुकट वाटतायत. भाचीचा जन्म सुरतचा, शाळा सगळी इकडची, त्यामुळे इंजिनीअरिंगच्या कॅप राऊंडसाठी (सरकारी प्रवेशफेरीसाठी) डोमिसाईल, म्हणजे वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला, लागणारच होतं आणि यंदा रांगेत मी. पुढचे एक काका जाम तापलेले, बँकेला आधार चालतं, सिमकार्डला चालतं, गॅसला चालतं मग तुम्हालाच का चालत नाही?

राग पटतो हो, पण कायदा काकांच्या बाजूने नाहीये. २०१६ च्या आधार कायद्यातच कलम ९ आहे, आधार नंबर म्हणजे नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे. आणि ते बरोबरच आहे, कारण आधार काढायला नागरिक असावंच लागत नाही, आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही ते मिळतं.

मग चालतं काय, तर शाळेची एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला! जन्मस्थळ, जन्मतारीख, राष्ट्रीयत्वाचा रकाना आणि खाली मुख्याध्यापकांचा सही-शिक्का. सोबत रेशनकार्ड, १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचे कागद, तलाठ्याचा रहिवासी दाखला (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय म्हणे, आमच्याकडे ते भाऊसाहेबच राहणार). म्हणजे बोटांचे ठसे घेतले, डोळे स्कॅन केले आणि शेवटी भरवसा कशावर तर गुरुजींनी रजिस्टरात जे लिहिलं त्यावर.

आणि गुरुजींनी काय लिहिलं ते आपल्याला माहितीये. आमच्या वडिलांचा वाढदिवस १ जून, त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचाही १ जूनच, जून उजाडला की व्हॉट्सअॅपवर अख्खा गाव एकमेकांना शुभेच्छा देतो. हसायला ठीक आहे, पण १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात तारखेलाच वजन आहे. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलात तर तेवढं पुरेसं, त्यानंतर जन्मलात तर आईवडलांपैकी एक जण नागरिक हवा, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. सेतूवर हे एवढं कोणी विचारत नाही, पण उद्या कोणी विचारलंच तर भाचीच्या पिढीला स्वतःचा कागद दाखवून भागणार नाही, आईबापाचा काढावा लागेल आणि आईच्या एलसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मधे नाव बदलल्याचं गॅझेट (राजपत्रात नोंद) केलेलं नाही. बहिणीला म्हटलं तू आधी ते कर.

एलसी हरवली असेल तर शाळेत जाऊन निर्गम उतारा (रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल) मागा, जनरल रजिस्टर बहुतेक शाळा जपून ठेवतात. आणि डोमिसाईलचा अर्ज ऑनलाईन टाका नाहीतर सेतूतून, पावती मात्र घ्याच, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत ठरलेली आहे आणि ती उलटली तर अपील करता येतं, पण पावतीच नसेल तर दिवस मोजणार कुठून.